साईड न देणाऱ्यांचा पिक्चर

महाडहून वीर स्टेशनला रिक्षाने जाणाऱ्याने घाई घरी ठेवून यावं. ही सूचना स्टँडवर कुठे लिहिलेली नाही. लिहायला हवी, पण ती लिहायचा अधिकार स्टँडच्या ज्या अध्यक्षांना आहे ते म्हणजे माझे वडील, आबा, त्यामुळे ती कधीही लिहिली जाणार नाही.

वीरला रेल्वे आली तेव्हापासून आबा या लाइनीवर रिक्षा चालवतात. लाइनीचा कायदा एका वाक्याचा आहे: पुढच्या रिक्षाला ओलांडायचं नाही. महाडहून जो आधी निघाला तो वीरला आधी पोचणार आणि परतीचा पहिला नंबर त्याचा. मध्येच कोणी पुढे सटकला तर त्याने पुढच्याचा नंबर तोडला. याला अपवाद एकच. पुढच्याने आपणहून हात बाहेर काढून 'जा पुढे' अशी खूण केली, म्हणजे साईड दिली, तर जाता येतं. पण साईड दिली की नंबरही हातचा गेला, म्हणून ती सहसा कोणी देत नाही. आबांनी तर जन्मात कोणाला दिलेली नव्हती.

आता हायवे चौपदरी झाला. कशेडीकडून येणारे ट्रक, लक्झरी बस, मुंबईकरांच्या गाड्या आमच्या बाजूने सूं करत निघून जातात. आणि त्या मोकळ्या रस्त्याच्या डाव्या कडेने आठ-दहा रिक्षा एकामागे एक, शाळेची सहल निघाल्यासारख्या, आबांच्या मागून चाललेल्या असतात. आबांचा काटा तिसाच्या पुढे जात नाही. बाहेरगावचा माणूस विचारतो, कोणी मोठी असामी चालली आहे का? मी सांगते, हो, अध्यक्ष.

या कायद्यापायी आबा आणि त्यांचे धाकटे भाऊ, म्हणजे माझे काका, दहा-अकरा वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. काकाही याच लाइनीवर, याच स्टँडवर. भांडणाला कारण मी, म्हणजे खरं तर माझी गाडी. लग्नाआधी पनवेलच्या एका हॉस्पिटलात लॅबमधल्या जागेसाठी माझा इंटरव्ह्यू होता. आबांच्या रिक्षात बसायचा प्रश्नच नव्हता, कारण घरच्या माणसाने पॅसेंजरची सीट अडवायची नाही हा त्यांचा आणखी एक कायदा. मी काकांच्या रिक्षात बसले. आबा पुढे, काका मागे. दासगाव आलं तसं काकांनी घड्याळ बघितलं आणि हॉर्न दिला. परत दिला. आबा ढिम्म. मग काका म्हणाले, "पोरीची गाडी चुकंल," आणि त्यांनी रिक्षा उजवीकडून काढली. ओलांडताना मी आबांकडे बघून हात हलवला. ते सरळ रस्त्याकडे बघत होते.

वीरला पोचलो तर गाडी दीड-दोन तास लेट. पनवेलला पोचले तोवर जागा भरलेली. बाहेरच्या बाकावर माझ्यासारखाच उशिरा आलेला एकजण वडापाव खात बसला होता, त्याने अर्धा मला दिला. तो आता माझा नवरा आहे, आणि नोकरी मला पुढे महाडच्याच एका लॅबमध्ये लागली. त्या ओव्हरटेकमधून नोकरी सोडून बाकी सगळं निघालं.

संध्याकाळी स्टँडवर मीटिंग झाली. आबांनी सख्ख्या भावाचा नंबर आठवडाभर बंद केला. काका म्हणाले, "तुझ्याच पोरीसाठी गेलो ना रे, दादा?" आबा म्हणाले, "पोरगी कुणाची का असंना. नंबर तो नंबर." त्यानंतर काकांनी 'दादा' हा शब्द टाकला. आबांचा उल्लेख ते 'अध्यक्ष' असा करू लागले, आणि आबा त्यांना 'मागची रिक्षा' म्हणू लागले.

गंमत अशी की घरं भिंतीला भिंत लागून. आई आणि काकू दिवसभर एकमेकींच्या चुलीपाशी. दोघा भावांची उठायची वेळ एक, आंघोळीची एक, चहाची एक, आणि ती बदलायची तर माघार घेतल्यासारखं होईल म्हणून कोणी बदलेना. त्यामुळे दोघे एकाच वेळी स्टँडवर पोचत आणि बहुतेक दिवशी आबांच्या मागचाच नंबर काकांना लागे. वर्षानुवर्षं अबोला धरून दोन म्हातारे एकामागे एक वीरला जात होते आणि एकामागे एक परत येत होते. नवराबायकोसुद्धा इतकं सोबत राहत नाहीत.

मग यंदा काकांच्या मुलाने डोंबिवलीला फ्लॅट घेतला आणि आईवडिलांना तिकडे न्यायचं ठरवलं. काकांनी रिक्षा पोलादपूरच्या एका माणसाला द्यायचं कबूल केलं. जानेवारीअखेर जायचं. म्हणजे भिंतीपलीकडचं घर बंद होणार, मागची रिक्षा जाणार, आणि हे दोघे न बोलताच संपणार. मला रात्री झोप लागेना. मला दोघांचाही राग येत होता आणि दोघांचंही वाईट वाटत होतं, आणि ही दोन्ही कामं एकाच वेळी करायची म्हणजे माणूस दमतो.

जानेवारीत स्टँडची सत्यनारायणाची पूजा असते. पूजा, प्रसाद, आणि संध्याकाळी पडद्यावर पिक्चर. पडदा बदामाच्या झाडाला आणि लाईटच्या खांबाला बांधतात, आणि माणसं त्याच्या दोन्ही बाजूंना बसतात. समोर जागा पुरत नाही म्हणून मागे. मागून पिक्चर उलटा दिसतो, पण फुकटच्या पिक्चरला कोण नावं ठेवणार? स्टँडचे खजिनदार चाचा, त्यांचा पुतण्या कुवेतहून सुट्टीवर आला होता, प्रोजेक्टर त्याचा. मी त्याला गाठलं. म्हटलं, "भावाभावांचा पिक्चर आण. भांडतात आणि शेवटी गोड होतात असा."

"रडका पायजे?"

"रडका नको. रडका लागला तर आबा उठून जातील. गाड्याबिड्या असू देत."

तो म्हणाला, "एक हाय. फॅमिली हाय, कलरफुल हाय, दोन भाऊ रेस लावतात. आधी कार्टून होतं, आता खरी मानसं घेतलीत. हिंदीत डब हाय." मी खूश. देवच पावला म्हटलं. फाइलीला नाव फक्त 'फॅमिली' होतं आणि सुरुवातीची नावं कोणीतरी कापून टाकली होती, त्यामुळे तो पिक्चर कुठला हे आम्हाला कळलं नाही.

अंधार पडला, पिक्चर सुरू झाला, आणि स्टँडवर होळी पेटल्यासारखा उजेड झाला. इतके रंग मी एकत्र कधी पाहिले नव्हते. गुलाबी गाडी, पोपटी गाडी, रस्ता जांभळा, आभाळ नारिंगी. रस्ते जिलबीसारखे गोल फिरत वर जायचे आणि गाड्या डोक्यावर उलट्या होऊन धावायच्या. एक बाप गाड्या बनवतो, आई शर्यतीचा नकाशा वाचते, दोन मुलगे गाडी चालवतात, धाकटी बहीण मध्येमध्ये करते, आणि घरात पाळलेलं एक बदक धाकट्याशेजारी पुढच्या सीटवर बसतं. थोरला भावाशी भांडून दुसऱ्या कंपनीकडून शर्यतीत उतरलेला. माझी आठ वर्षांची मुलगी पहिल्या रांगेत तोंड उघडं टाकून बसली होती.

चालक मंडळी मात्र पिक्चर बघत नव्हती, तपासत होती.

"ह्यो रस्ता कुनी बांदला? कंत्राटदार कोन?"

"आपल्या हायवेला इतकी वर्सं गेली, आनि ह्यांनी आभाळात वळान घातलं."

"ही गाडी पासिंगला गेलीच कशी?"

"बदक पुढं बशिवलंय. पुढं पॅसेंजर घेतला की दंड हाय."

आई आणि काकूंना वेगळीच काळजी. त्या नकाशावाल्या बाईचे केस एवढ्या वेगात विस्कटत कसे नाहीत, हे त्यांनी मला तीनदा विचारलं.

मग काकांच्या लक्षात आलं की पिक्चर परदेशी असल्याने गाड्या उजव्या बाजूने चालल्या आहेत आणि स्टेअरिंग डावीकडे आहे. एवढ्या वर्षांच्या ड्रायव्हरला ते बघवेना. ते उठून पडद्यामागे गेले आणि तिथून ओरडले, "इकडं या रे! इकडनं तो बरोबर चालवतोय!" आणि खरंच, मागून बघितलं की सगळं उलटं होऊन आपल्यासारखं दिसत होतं. गाड्या डाव्या बाजूला, स्टेअरिंग उजवीकडे. एकेक करत अर्धे चालक मागे गेले. आबा अध्यक्ष, त्यांना पूजेच्या मानाची खुर्ची समोर दिलेली. अध्यक्षाने पडद्यामागे जाऊन बसायचं म्हणजे काय? ते बसून राहिले, आणि त्यांच्याबरोबर उरलेले अर्धे. म्हणजे मी ज्यांना जवळ आणायला पिक्चर आणला, ते दोघे आता एका चादरीच्या दोन बाजूंना बसले.

मध्यावर मोठी शर्यत आली. थोरला पुढे, धाकटा मागे, धाकट्याच्या गाडीत बहीण आणि बदक. बहिणीला कुठेतरी वेळेत पोचवायचं असतं. धाकटा भोंगा वाजवतो, थोरला रस्ता देत नाही. आणि धाकट्याने गाडी काढली की हो! थोरल्याला ओलांडून पार पुढे. पोरांनी शिट्ट्या मारल्या.

आबा उभे राहिले. "थांबवा."

पुतण्याने घाबरून पिक्चर थांबवला. पडद्यावर गुलाबी गाडी हवेत लटकत राहिली.

"नंबर कुनाचा होता?" आबांनी विचारलं.

"मोठ्याचा," समोरचे म्हणाले.

"मंग ह्यानं तोडला. वर डाव्या बाजूनं काढली. राँग साईडनं."

पडद्यामागून काकांचा आवाज आला. "अध्यक्षांना सांगा, उजवीकडनं काढली. आम्ही डोळ्यांनी बघितली."

"मागच्या रिक्षाला सांगा, मी समोर बसलोय. डावीकडनं काढली."

"उजवीकडनं!"

"डावीकडनं!"

आणि दोघेही खरं बोलत होते. पुढच्यांनी डावीकडून पाहिलं, मागच्यांनी उजवीकडून. हे मी उठून समजावून सांगितलं तर दोन्ही बाजूंनी मलाच गप्प बसवलं. चाचा म्हणाले, पिक्चर परत मागे घेऊन बघू. परत बघितला. समोरच्यांना परत डावीकडून दिसला, मागच्यांना परत उजवीकडून, आणि दोन्हीकडून 'बघा!' असा एकच आरडाओरडा झाला.

"गाडी कुठनं का काढंना," शेवटी काका म्हणाले, आणि आता त्यांचा आवाज वेगळा होता. "गाडीत पोरगी व्हती, तिला वेळंवर पोचवायची व्हती. भोंगा दिला, दोनदा दिला. थोरल्यानं साईड का नाय दिली, ते इचारा अध्यक्षांना."

हे बदक असलेल्या गाडीबद्दल चाललेलं नाही, हे लहान पोरांनासुद्धा कळलं. मी आबांकडे बघत होते. ते पडद्याकडेच बघत होते, जणू कापडाच्या आरपार काका दिसत होते.

"त्या पोराचा नंबर आठवडाभर बंद," आबा म्हणाले आणि बसले. "चालू करा."

पिक्चरमधल्या हिरोला वीर लाइनीवर आठवडाभर बंदी झाली. पिक्चर चालू झाला. शेवटची शर्यत आली, परत थोरला पुढे, धाकटा मागे, सगळ्या जगाचे रंग दोघांच्या अंगावर, धाकट्याने भोंगा दिला, थोरल्याने आरशाकडे मान वळवली, आणि लाईट गेली. ती सकाळपर्यंत आली नाही. पुतण्या दुसऱ्या दिवशी पहाटे कुवेतला गेला. जाताना प्रोजेक्टर ठेवून गेला आणि पेनड्राइव्ह खिशात घेऊन गेला.

माझा बेत असा बोंबलला. वर स्टँडवर दोन पक्ष पडले, 'समोरचे' आणि 'मागचे'. समोरच्यांनी मागच्यांच्या टपरीवर चहा प्यायचा बंद केला. पॅसेंजर रिक्षात बसला की त्याला गुलाबी गाडीची हकीकत सांगून त्याचं मत विचारलं जाई. एका बाईने, बिचारीने पिक्चर पाहिलाही नव्हता, 'उजवीकडून' म्हटलं तर तिला महाडपर्यंत व्याख्यान ऐकावं लागलं. जो पिक्चर कोणी शेवटपर्यंत पाहिला नाही त्यावर एवढं भांडण मी तरी ऐकलेलं नाही.

सगळ्यात वाईट अवस्था माझ्या मुलीची. तिला शेवट हवा होता. ती आधी काकांकडे गेली. "धाकटे आजोबा, मोठा भाऊ साईड देतो का?"

"नाय देत," काका म्हणाले. "असली थोरली मानसं साईड नाय देत. धाकट्यानं मागंच ऱ्हावं आनि यक दिवस रस्ता सोडून निघून जावं."

ती रडत माझ्याकडे आली. मग आबांकडे गेली. आबा रिक्षा पुसत होते. बराच वेळ ते आरसाच पुसत राहिले.

"त्यांनी मोठ्याच्या आरशात काय दिसतंय ते दाखिवलं नाय," आबा म्हणाले. "ते दाखवाया पायजे व्हतं. त्याबिगर पिक्चर कळायचा नाय."

मला वाटलं, म्हातारा आता पिक्चर काढणाऱ्यांनाही दंड करणार.

काकांचा जायचा दिवस उजाडला. मुलगा गाडी घेऊन येतो म्हणत होता, पण काका अडून बसले. आयुष्यभर माणसं रेल्वेच्या गाडीला नेऊन सोडली, आता एकदा आपण त्या गाडीत बसायचं म्हणाले, आणि वीरपर्यंत स्वतःच्या रिक्षाने जायचं. पोलादपूरवाला वीरलाच येऊन रिक्षा ताब्यात घेणार होता. रिक्षात काकू, दोन बॅगा, एक पाटा, मी आणि माझी मुलगी. पाटा कशाला, असं विचारलं तर काकू म्हणाली, डोंबिवलीत वाटण कशावर वाटू? वरवंटा माझ्या पायावर होता.

मी म्हटलं, "काका, सरळ निघू या." तर नाही. काकांनी रिक्षा रांगेत लावली. "शेवटची फेरी हाय म्हनून नंबर तोडू व्हय?" आणि नेहमीप्रमाणे त्यांच्या पुढचा नंबर आबांचा. आबांना तिसरा पॅसेंजर मिळेना, तोवर ते हलेनात, आणि ते हलेनात तोवर काका हलेनात. मी आबांना सांगितलं, तिसरी मी बसते, निघा. "घरच्या मानसाला सीट नाय," आबा समोर बघत म्हणाले. शेवटी शेवग्याच्या शेंगांचा भारा घेतलेली एक म्हातारी आली आणि मिरवणूक निघाली. पुढे आबा, मागे आम्ही, आमच्या मागे गाडी गाठायला निघालेल्या माणसांनी भरलेल्या सात-आठ रिक्षा.

दासगाव येईपर्यंत गाडीची वेळ झाली. मागून हॉर्न सुरू झाले. मोकळा चौपदरी रस्ता, आणि आमची रांग तिसाच्या काट्यावर. माझी मुलगी पुढे वाकून काकांच्या कानात ओरडत होती, "आजोबा, काढा! उजवीकडून काढा!"

"नाय गो बाय. यकदा काढली, ती पुरली."

"गाडी चुकेल!" मी म्हटलं.

"चुकू दे. उद्या हाय."

आणि तेव्हा पुढच्या रिक्षातून हात बाहेर आला.

आबांचा हात. कोपरापर्यंत दुमडलेली खाकी बाही, आणि मागून पुढे, मागून पुढे हलणारा पंजा. मी तो कधी असा पाहिला नव्हता. काकांनीही नव्हता, कारण ते म्हणाले, "ह्याला काय झालं? पाऊस बघतोय काय?"

जानेवारीत, लख्ख उन्हात.

"साईड!" मुलगी किंचाळली. "मोठ्याने साईड दिली!"

काकांनी काय करावं? त्यांनी वेग कमी केला. आबांनी आणखी डावीकडे घेऊन आणखी कमी केला, हात चालूच. काकांनी आणखी कमी केला. मागची सगळी रांग रांगायला लागली. डबा अडकवलेला एक सायकलवाला शांतपणे आम्हा सगळ्यांना ओलांडून गेला. त्याने वळून आमच्याकडे अशा नजरेने बघितलं की मला खाली उतरून चालत जावंसं वाटलं.

"अहो, जा की!" काकू ओरडली.

मग काकांनी रिक्षा बाजूला काढली आणि आबांच्या बरोबरीने आणली. पुढे मात्र नेली नाही. दोन रिक्षा शेजारी शेजारी, चालण्याच्या वेगाने. इंजिनांच्या आवाजावरून ओरडत काका बोलले, इतक्या वर्षांत पहिल्यांदा थेट आबांशी.

"तवा का नाय दिलीस?"

आबांनी हात आत घेतला. शेंगावाली म्हातारी दोघांकडे आळीपाळीने बघत होती.

"तू मागं असलास की आरशात दिसतोस," आबा ओरडले. "पुढं गेलेला मानूस आरशात दिसत नाय. सवय झाली व्हती रे."

म्हणजे एवढंच होतं. एवढ्यासाठी माझा इंटरव्ह्यू, आठवडाभराची बंदी, भिंतीपलीकडचा अबोला आणि अध्यक्षपण. मला आबांना झोडून काढावंसं वाटलं, आणि डोळ्यांपुढचा रस्ता पाण्याने पुसला गेला.

काकांनी आधी आपल्या आरशाकडे बघितलं. मग ते म्हणाले, "दादा, पुढं गेलो तरी माझ्या आरशात तू दिसशीलच की."

आबांनी परत हात बाहेर काढला आणि काकांनी रिक्षा पुढे घेतली. माझी मुलगी शिट्टी मारत होती, जी तिला येत नाही. काकांनी आरसा हाताने फिरवून नीट केला आणि वीर येईपर्यंत ते बहुतेक त्यातच बघत होते, कारण काकू सारखी ओरडत होती, "म्होरं बघा हो, म्होरं!"

वीरला पोचलो. गाडी लेट होती. किती, तर अजून सांगता येत नाही एवढी.

पोलादपूरचा माणूस आला, रिक्षा फिरवून बघितली आणि घेऊन गेला. काका ती वळणाआड जाईपर्यंत उभे राहिले. थोड्या वेळाने आबा आपल्या त्याच तिसाच्या चालीने आले, रिक्षा स्टँडवर लावली आणि प्लॅटफॉर्मवर येऊन काकांच्या बाकावर बसले, मध्ये पाटा ठेवण्याइतकी जागा सोडून. त्या जागेत काकूने पाटा ठेवला.

तेवढ्यात क्रॉसिंगला रत्नागिरीकडे जाणारी गाडी आली. भरपूर माणसं उतरली. काकांची रिक्षा गेलेली, म्हणजे पहिला नंबर आबांचा. स्टँडवरून हाका आल्या, "अध्यक्ष, नंबर!" आबा हलले नाहीत. आमच्या लाइनीवर नंबर कोणी सोडत नाही. तापात सोडत नाहीत, पोराच्या बारशाला सोडत नाहीत. आबांनी बाकावर बसल्या बसल्या, स्टँडकडे न बघता, हात बाजूला काढला आणि पंजा मागून पुढे हलवला. पहिली रिक्षा गेली. परत हलवला. दुसरी गेली. 'समोरचे' गेले, 'मागचे' गेले, प्रत्येकजण जाताना कुंपणावरून मान उंच करून बाकाकडे बघत होता.

"मग पिक्चर असाच संपतो का?" मुलीने मला विचारलं. मी म्हटलं, मला काय माहीत, लाईट गेली होती.

काका काहीतरी सांगत होते, फ्लॅटला लिफ्ट आहे असं काहीसं. आबा ऐकत होते. मग त्यांनी मला हाक मारली.

"दोन चहा सांग गो. ह्याचा बिनसाखरेचा."

काकांना साखर निघाली ती अबोला धरल्यानंतर. रक्त मीच तपासलं होतं आणि रिपोर्ट काकूच्या हातात दिला होता. आबांसमोर तो विषय कोणी कधी काढल्याचं मला आठवत नाही. मी चहा सांगायला गेले.